दरिया आणि दर्या

मुलांनो, उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र! नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यापासून समुद्र फार दूर आहे. तरी येथील रानातून चालताना तुम्हांला दोन्ही शब्द आठवतील.

येथे पेंच नदीवर नवेगाव खैरीचे धरण आहे. त्या भागात साग, मोह, तेंदू यांचे रान आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सागाची पाने गळतात, तेव्हा झाडांमधून जलाशयाचे पाणी चमकताना दिसते. वाळलेल्या पानांवर हळू पाऊल टाका, नाहीतर पाखरे उडून जातील. मोठ्या माणसांना बरोबर घ्या. पेंचच्या राखीव जंगलात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. १९९९ पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. वाघाचे घर आहे ते!

नागपूरच्या नळांना येणारे बरेचसे पाणी याच जलाशयाचे असते. काठावरच्या झाडांची मुळे माती धरून ठेवतात. झाडे तोडली, तर पावसाबरोबर माती वाहून येते, जलाशयात गाळ साचतो आणि पाणी कमी मावते.

उरलेले पाणी पुढे जाते. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला, म्हणजे दर्याला.