जपानी हातकागद आणि आमचे खरेदीखत

आमच्या घरातील पत्र्याच्या ट्रंकेत मोलाचा असा एकच कागद आहे. आजोबांनी १९६२ साली घेतलेल्या तीस गुंठे जमिनीचे ते खरेदीखत. आजोबांना लिहिता-वाचता येत नाही. दर दिवाळीला ते ट्रंक उघडतात, कागद सावलीत उलगडून पाहतात आणि पुन्हा घडी घालून ठेवतात. घड्यांवर तो विरत चालला होता. घरात शिकणारा मी पहिलाच. साहजिकच दहावीत असताना हे काम माझ्याकडे आले, आणि मी मोठ्या शहाणपणाने प्रत्येक घडीवर सेलोटेप चिकटवली. चार वर्षांत टेप पिवळी पडून निघू लागली, तिचा डिंक मात्र कागदातच मुरला व त्याखालची शाई फाकली. घरात कोणी रागावले नाही, हेच जास्त लागले.

गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी आम्हांला एक हस्तलिखित-संग्रह दाखवायला नेले. तेथे एक गृहस्थ जुन्या पोथीचे पान सांधत बसले होते. त्यांच्या हातातील कागद इतका पातळ, की पलीकडची बोटे दिसत होती. "हा जपानचा. खळीने लावायचा. उद्या कोणाला काढावासा वाटला, तर ओला करून सोडवता येतो," ते म्हणाले. या एका वाक्याने मला बेचैन केले. त्यानंतर मिळेल ते वाचले. त्याचाच हा लेख.

या कागदाला जपानात 'वाशी' म्हणतात. (नवी मुंबईच्या वाशीशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे!) कागदाची विद्या चीनमधून कोरियामार्गे जपानात गेली. कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी या तीन झुडुपांच्या सालीच्या आतल्या तंतूंपासून तो बनतो. यांपैकी कोझो ही तुतीच्या कुळातली. पानगळीनंतर फांद्या तोडून वाफवतात व साल सोलतात. वरची काळी साल खरवडून आतली पांढरी साल राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवतात. मग वाहत्या थंड पाण्यात हात बुडवून एकेक काळा ठिपका बोटांनी वेचायचा. हे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असे. हातमागाच्या किंवा विडीच्या घरातून आलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

वेचलेली साल कुटून पाण्यात कालवतात आणि त्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळाचा चिकट रस घालतात. हे झाड भेंडीचे भाऊबंद! भेंडी चिरताना बोटांना लागते तशीच ती बुळबुळ. तिच्यामुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात, आणि बांबूच्या बारीक काड्यांच्या चाळणीतून पाणी सावकाश निथळते. कारागीर चाळण पुढेमागे हलवीत थरावर थर चढवतो, त्यामुळे तंतू एकमेकांत गुंततात. उन्हाळ्यात त्या रसाचा चिकटपणा लवकर जातो, म्हणून उत्तम कागद कडाक्याच्या थंडीत होतो.

कोझोचा तंतू सुमारे एक सेंटीमीटर लांब असतो, लाकडाच्या लगद्याचा त्याहून कितीतरी आखूड. शिवाय गिरणीच्या जुन्या कागदात तुरटीमुळे आम्ल राहत असे आणि ते त्याला आतून खाई. वाशीत ते नसते. म्हणूनच नारा येथील शोसोइन भांडारात इ. स. ७०२ मधील कुटुंबनोंदींचे कागद आजही आहेत. त्या काळी सहा वर्षांवरील प्रत्येकाला सरकारातून कसायला भातजमीन मिळे, आणि ती या नोंदींवरून ठरे. पुढे नोंदी निरुपयोगी झाल्या, तेव्हा तोदाइजी मंदिराच्या कचेरीने त्यांच्या कोऱ्या पाठी हिशेबाला वापरल्या, आणि त्यामुळेच त्या वाचल्या. जमिनीचा कागद असा तेराशे वर्षे टिकला, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

या कागदाचे उपयोग किती सांगावेत? सरकत्या दारांना लावायला, कंदिलांना, छत्र्यांना, पंख्यांना तोच. कापडावर नक्षी छापण्याचे साचे अनेक कागद आंबट पर्सिमन फळाच्या रसाने एकावर एक चिकटवून कोरतात. कागदाच्या पट्ट्या पिळून सूत काढतात व त्याचे कापड विणतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र याच कागदाचे सुमारे दहा मीटर व्यासाचे फुगे करून, बाँब बांधून वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले गेले. कागद चिकटवायला शाळकरी मुली जुंपल्या होत्या. ५ मे १९४५ रोजी ओरेगनमध्ये अशा एका बाँबने एक गरोदर स्त्री व पाच मुले मेली. चिकटवणाऱ्या मुलीही शाळकरीच होत्या. याच कागदाच्या जातीने पुढे १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरात भिजलेली पुस्तके सांधली.

२०१४ साली सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी व होसोकावाशी या तीन कागदांच्या कलेला युनेस्कोने मान दिला. पण विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो घरांत चालणारा हा धंदा आता मोजक्या घरांत उरला आहे. मान मिळतो तेव्हा बहुधा माणसे कमी झालेली असतात, असे मला वाटते. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव तरी आपल्यातल्या किती जणांनी ऐकले आहे?

असो. उन्हाळ्याच्या सुटीत आजोबांना घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेलो. नोंदणी कचेरीतून नक्कल मिळाली असती, पण आजोबांना हाच कागद हवा होता. त्यावर दस्त हजर करणारा म्हणून त्यांचा आंगठा आहे. गृहस्थांनी आधी एका कोपऱ्यात शाई विरघळते का ते पाहिले, मग दोन दिवस टेपचा डिंक उतरवला आणि घड्यांवर जपानी कागदाच्या पट्ट्या खळीने बसवल्या. आंगठा शाबूत आहे. चतुःसीमेतले पूर्वेकडच्या शेजाऱ्याचे नाव मात्र परत आले नाही. ते आजोबांना तोंडपाठ होते. त्यांनी सांगितले, मी वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिले आणि चिठ्ठी खरेदीखताशेजारी ठेवली. चिकटवली नाही.