उतार आदल्या रात्री ठरव

बालाघाट,
१९ जानेवारी २०२५

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या नागपूरच्या मावशीचा फोन आला होता. फेब्रुवारीत तुमचं गुलमर्गचं पक्कं झालं हे घरात सगळ्यांना माहीतच होतं. तिने नवीन सांगितलं ते असं की, बर्फ पडून आभाळ उघडलं की त्या पहिल्याच सकाळी तुम्ही वरच्या गोंडोल्याने अफरवटला जाणार आणि राखलेल्या हद्दीच्या बाहेरून, हापतखुडच्या अंगाने खाली उतरणार. कारण काय, तर तिकडे कोणी नसतं आणि बर्फ कोरा मिळतो. मावशीच्या सांगण्यात थोडं इकडचं तिकडे होतं, म्हणून ऐकीव समजून मी ते सोडून दिलं असतं. पण हापतखुड हे नाव मावशीला ठाऊक असायचं काही कारण नाही. ते तुझ्याच तोंडून आलं असणार. फोनवर तू सगळ्याला ‘हो मोठेबाबा’ म्हणशील आणि विषय संपेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे. सावकाश वाच.

स्कीइंग करू नकोस असं मी म्हणत नाही. तू रीतसर शिकली आहेस, तुझे पाय तयार आहेत, आणि तुझ्या आईचाही आता विरोध उरलेला नाही. माझं म्हणणं फक्त त्या एका सकाळीपुरतं आहे. ताजा बर्फ पडल्यावर कुठे उतरायचं, हे त्या सकाळी वर उभं राहून ठरवायचं नसतं. ते आदल्या रात्री, खोलीत बसून, नकाशा समोर ठेवून ठरवावं, आणि सकाळी त्यात बदल करायचा असेल तर तो सोप्या उताराकडेच करावा.

हापतखुडचंच घे. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलन झालं. पोलंडचे दोन स्कीअर गेले आणि एकोणीस परदेशी पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं. त्यांच्याबरोबर स्थानिक गाईड होते. पुढच्या वर्षी जानेवारीभर गुलमर्ग कोरडं होतं, बर्फाविना उघडी पडलेली कुरणं सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली. मग फेब्रुवारीत एकदम भरपूर बर्फ पडला आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला, गावात खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असतानाच, वरच्या उतारावर हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गेले. बर्फावर कसं वावरायचं हेच ज्यांना शिकवलं जातं, ते हे लोक. आणि खिलनमर्ग हा काही कडा नव्हे. ती अफरवटच्या पायथ्याची पसरट कुरणं आहेत. पायाखालचा उतार सौम्य असला तरी डोक्यावर काय टांगलेलं आहे ते पाहावं लागतं, हे त्या घटनेतून कळतं, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

हे का होतं ते तुला कोर्समध्ये सांगितलं असेल, तरी पुन्हा सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडून राहिला आणि वर निरभ्र, कडक थंडीच्या रात्री गेल्या, तर त्या बर्फाचे तळाशी सुटे, खरखरीत, एकमेकांना न धरणारे दाणे होतात. त्यावर एका वादळात दोन-तीन फूट नवा बर्फ पडतो, वारा तो एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला दाबून बसवतो, आणि वर एकसंध लादी तयार होते. खाली कच्चा थर, वर जड लादी. असली लादी बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटते. म्हणजे स्की करायला ज्याची मजा सगळ्यांत जास्त, नेमका तोच उतार. जीव घेणाऱ्या हिमस्खलनांत दहातली नऊ तरी बळी गेलेल्या माणसाच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेली असतात. आपण गेलो नसतो तर तो थर त्या दिवशी तिथेच पडून राहिला असता. आणि लादी सर्वांत अस्थिर असते ती वादळानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत. बर्फ सर्वांत हलका, सर्वांत कोरा असतो तोही त्याच एक-दोन दिवसांत. ती पहिली सकाळ मला छळते आहे ती यामुळे.

तू म्हणशील, बर्फ कळायला बर्फावर जावं लागतं. बालाघाटला बसून वैनगंगेच्या काठावरून हे सांगता येत नाही. आक्षेप योग्य आहे, पण तो उलटाही लागू होतो. बर्फावरचा अनुभव हा फसवा गुरू आहे. पंधरा वेळा चुकीच्या उतारावर उतरलीस आणि काही झालं नाही, तर डोंगर पंधराही वेळा तुला शाबासकीच देतो. निवड बरोबर होती की नशीब बरं होतं, हे तो सांगत नाही. अमेरिकेतले इयान मॅकॅमन यांनी तिकडच्या सातशे पंधरा अपघातांची छाननी केली. त्यात ज्यांना हिमस्खलनाचं शिक्षण मिळालं होतं अशीही पुष्कळ माणसं होती. समोर धोक्याच्या खुणा असताना ती गेली, कारण उतार ओळखीचा होता, बेत आधीच जाहीर झाला होता, पुढे कोणीतरी गेलं होतं, गटात एक जाणता होता, किंवा कोरा बर्फ दुसरा कोणी घेऊन जाईल अशी घाई होती. तुझ्या त्या सकाळी यातलं काय नसेल ते मला सांग.

पुढे कोणाच्या तरी खुणा दिसतात म्हणून उतार सुरक्षित, हे तर अजिबात धरू नकोस. लादी पहिल्याच माणसाखाली तुटते असा नेम नाही. जिथे बर्फ पातळ आहे, खडक वर आलेला आहे, तिथे सातव्या माणसाची स्की पडते आणि वरचा सगळा उतार एकदम सुटतो. गटात जाणती माणसं आहेत याचाही आधार घेऊ नकोस. १९ फेब्रुवारी २०१२ ला वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास स्की रिसॉर्टच्या बाहेर, टनेल क्रीकला, ताज्या बर्फावर एक मोठा गट उतरला. त्यात या खेळावर पोट असलेली, तो डोंगर तळहातासारखा ओळखणारी माणसं होती. तिघं गेली. नंतर वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं की मनात शंका होती, पण इतक्या जाणत्यांसमोर ती बोलून दाखवली नाही. तुमच्यात वयाने तू लहान. तुझी शंका तोंडातच राहील, ही मला भीती आहे.

बीकन, फावडं, प्रोब सगळं घेतलं आहे असं मावशी म्हणाली. घेतलंच पाहिजे, आणि नुसतं पाठीवर न बाळगता रोज शोधण्याचा सराव केला पाहिजे. पण ही साधनं कुठे जायचं ते सांगत नाहीत. गाडल्या गेलेल्याला शोधायला ती लागतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम तिघांतला एक. थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट बसतो, हाताने उकरत नाही. कॅनडातल्या मृत्यूंच्या एका अभ्यासात तर चौघांतला एक जण झाडा-खडकांवर आपटूनच गेलेला आढळला. त्याला बीकनचा काय उपयोग? गाईड जरूर घ्या, स्थानिकच घ्या. मात्र ‘आम्हाला हापतखुडला ने’ असं त्याला सांगू नका. ‘आज कुठे जाऊ नये’ हे त्याला आधी विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. ज्याला तुम्ही जागा नेमून देता, तो तुम्हाला वाट दाखवेल; ती जागा नाकारायची मोकळीक त्याला उरत नाही.

गोंडोल्याचा वरचा टप्पा चालू झाला म्हणजे वरचं सगळं ठीक, असंही धरू नकोस. तो तुला कोंगडोरीच्या मधल्या स्थानकाहून सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. स्की पेट्रोल राखते ते गोंडोल्याखालचं मुख्य खोरं. तिथला बर्फ ते तपासतात, गरज पडली तर मुद्दाम पाडतात. त्या हद्दीच्या डावी-उजवीकडचा डोंगर मोकळा आहे आणि तिथली जबाबदारी ज्याची त्याची. अमेरिकेत हद्द ओलांडायला निदान दोरी तरी दिसते. इथे दोन वळणं चुकलीस तरी तू बाहेर गेलेली असतेस. जिल्ह्याला हिमस्खलनाचा इशारा निघतो तोही वाच, पण तो अख्ख्या बारामुल्ला जिल्ह्यासाठी असतो. तुझ्या उतारावर वारा कुठून लागला हे त्यात नसतं.

आपल्या भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीची रीत तुला ठाऊक आहे. पाळी आत जाण्याआधी मेट छत तपासतो, सळईने ठोकून आवाज ऐकतो. पोकळ आवाज आला तर ती जागा बंद, मग समोरचा दगड कितीही चांगल्या प्रतीचा असो. छत तपासताना प्रतीचा विचार करायचाच नाही, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की माणसं मरतात हे खाणींनी पुष्कळ किंमत मोजून शिकलं आहे. बर्फाचंही तसंच कर. पायाखाली ‘ढप्’ असा दबका आवाज झाला, स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, बाजूच्या कुठल्याही उतारावर आजची ताजी घसरण दिसली, तर त्या दिवशी तीस अंशांवरचं सगळं बंद. त्यावर चर्चा नको, मतदान नको.

मग जायचं कुठे? कागदावरून मला जे दिसतं ते असं. वादळ थांबल्यावरचा पहिला दिवस खालच्या टप्प्याचा. फोनमध्ये उताराचा कोन दाखवणारं साधन आहे. स्कीची काठी उताराच्या दिशेने, वरून खाली, टेकवून तिच्यावर फोन धर आणि पंचवीस-सत्तावीस अंशांचा, वर काहीही टांगलेलं नसलेला उतार शोध. तिथेही मऊ बर्फ तेवढाच असतो, फक्त वेग थोडा कमी मिळतो. खरं सांगायचं तर तुला दोन वर्षांत जेवढं येतं, त्याला तोच उतार पुरेसा आहे. कोंगडोरीच्या खालच्या फरच्या रानात वारा लागत नाही, त्यामुळे बर्फ तिसऱ्या दिवशीही हलका राहतो. पहिल्या सकाळी तो लुटायची घाई करायचं कारणच उरत नाही. रानाचाही स्वतःचा एक धोका आहे. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाने झाकलेले खड्डे असतात, त्यात डोकं खाली जाऊन पडलं तर एकट्याने निघता येत नाही. म्हणून रानात दोघी-दोघी, एकमेकींना दिसतील अशाच उतरा. वरचं मुख्य खोरं पेट्रोलने उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे जा, एका वेळी एक. बाकीच्यांनी बाजूच्या उंचवट्यावर थांबावं, उताराच्या खाली नाही. हापतखुड या वर्षी सोड. थर बसलेला, आठवडाभर वारा नाही, गाईड आपणहून म्हणाला, असा दिवस कधी आलाच तर पुढच्या वर्षी पाहू.

वाचताना तुला वाटेल की मोठेबाबांनी आनंदातला आनंद काढून घेतला. तसं नाही गं. कोऱ्या बर्फावर पहिली रेघ आपली असावी, या इच्छेत मला काही वावगं दिसत नाही. ती इच्छा तुझ्या वयाची आहे आणि तुला शोभते. तुझ्या धीटपणाचं मला कौतुकच आहे. घरात मुलींना कोणी नदीत उतरू दिलं नव्हतं आणि तू बर्फात उतरलीस. त्या धीटपणातलाच थोडा ‘मी येत नाही’ म्हणायला वापर, एवढंच मागणं आहे. गटाने नावं ठेवली तर माझं नाव सांग. घरच्या म्हाताऱ्याने शपथ घातली आहे म्हणून सांग, खुशाल. मी एरवी शपथा घालत नाही, पण ही तू वापर.

आपल्याकडे हिवाळ्यात हरभऱ्यावर गारा पडतात तेव्हा त्याच्या मागे बहुधा तोच पश्चिमी विक्षोभ असतो जो तिकडे बर्फ पाडतो. त्यामुळे तुझ्या दहा दिवसांत हवामानाचा नकाशा मी रोज बघणारच आहे. तू फक्त एक कर. रात्री झोपण्याआधी उद्याच्या उताराचं नाव आणि तुझ्या जोडीदारणीचं नाव मला पाठवत जा. मी उलट प्रश्न विचारणार नाही. संध्याकाळी खाली आलीस की ‘आले’ एवढा एक शब्द. नेटवर्क नसलं तर दुसऱ्या दिवशी पाठव, त्यावरून रागावणार नाही. तुझ्या आईला मी सांभाळतो.

लोकरीचे मोजे जास्तीचे घे. चिन्नोरचा नवा तांदूळ आला आहे, तुझ्यासाठी पाच किलो वेगळा काढून ठेवला आहे. होळीला येशील तेव्हा ने.

तुझे,
मोठेबाबा