पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचा शस्त्रकर्मोत्तर पुनरुद्भव : चिकित्सा व वैद्यांचे कर्तव्य

अर्बुदाचा दोष शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितले आहे. पौरुषग्रंथीच्या कर्करोगातही हा अनुभव येतो. मुंबई, नाशिक येथे शस्त्रकर्म करून जळगाव-धुळ्यास परतलेला रुग्ण मूत्राच्या तक्रारींसाठी आपल्याकडे येतो. म्हणून हा विषय आपणा सर्वांस ज्ञात असावा.

निदान : संपूर्ण ग्रंथी काढल्यावर रक्तातील पीएसए जवळजवळ शून्य व्हावयास हवे. पुढे ते वाढून लागोपाठच्या दोन तपासण्यांत प्रतिमिलिलिटर ०.२ नॅनोग्रॅम वा अधिक आढळल्यास पुनरुद्भव मानतात. या वेळी बहुधा कोणतेही लक्षण नसते. दुर्बिणीद्वारे केवळ मूत्रमार्ग मोकळा केलेल्या रुग्णांत ग्रंथी शिल्लक असते. त्यांना हा निकष लागू नाही. यास्तव रुग्णालयाचे कार्ड अवश्य वाचावे.

चिकित्सा : रोग ग्रंथीच्या जागी मर्यादित असेल तर किरणोपचाराने तो समूळ जाण्याची संधी असते. पीएसए ०.५ च्या आत असताना ते दिल्यास लाभ अधिक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३३ अथवा २० बैठकांचे क्रम वापरले गेले. गावापासून दूर राहणाऱ्या शेतकरी कुटुंबास हा फरक मोठा असल्याने त्याविषयी तज्ज्ञांस विचारावे. जोखीम अधिक असल्यास किरणोपचारासोबत काही काळ हार्मोनरोधक औषधे देतात. पीएसएमए पेट स्कॅनने रोगाचे स्थान कळू शकते. पीएसए नऊ महिन्यांत वा त्याआधीच दुप्पट होत असेल, तर एन्झालुटामाइडसह हार्मोनरोध लाभदायक असल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. उलट वृद्ध रुग्णात वाढ अतिमंद असल्यास केवळ देखरेखही योग्य ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या किरणोपचाराचा समावेश आहे.

सावधगिरी : अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण या रोगावर विकले जाई. त्याने पीएसए उतरे. २००२ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले, कारण त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन व वॉरफरिन सापडले. पीएसए उतरले म्हणजे रोग गेला असे नव्हे, हा त्याचा धडा. औषधालय चालकांनी अज्ञात घटकांची 'खात्रीशीर' औषधे ठेवू नयेत.

चंद्रप्रभावटीत गुग्गुळ व त्रिकटू आहेत. गुग्गुळाने तसेच मरिचातील पिपेरिनने काही आधुनिक औषधांचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. म्हणून असे कल्प देण्यापूर्वी चालू औषधांची यादी पाहावी आणि आपले औषध कर्करोगतज्ज्ञांस लेखी कळवावे.

अग्निरक्षण, बलरक्षण, मलावष्टंभ व निद्रानाश यांवरील उपचार, आहार आणि धीर हे आपले क्षेत्र निश्चित आहे. मात्र पीएसए वाढताना 'आधी तीन महिने काढा घेऊन पाहू' असे सांगणे म्हणजे रोग बरा होण्याची वेळ दवडणे होय. तपासणीचा कागद हाती येताच रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे व आपली सहायक चिकित्सा त्यांच्या संमतीने चालू ठेवावी.