रक्तद्रवातील प्रथिने व मेद : अहवालातील वजाबाकी

भोपाळच्या चौकातील पेढीवर प्रत्येक रकमेची पावती मागणारे आपण, प्रयोगशाळेच्या अहवालातील आकडा कोठून आला हे क्वचितच विचारतो. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

रक्त गोठल्यावर जो पिवळसर, निवळ द्रव सुटतो तो सीरम. त्याच्या १०० मिलिलिटरांत सुमारे ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत निम्म्याहून अधिक भाग यकृतात तयार होणाऱ्या अल्ब्युमिनचा. मूत्रपिंडातून ते फार गळू लागले की अंगावर सूज चढते. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली विद्युत्प्रवाहाच्या योगे ही प्रथिने विलग केली. अल्ब्युमिन पुढे धावते, गॅमा ग्लोब्युलिन मागे रेंगाळते. १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले.

मेदाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. तेल पाण्यात मिसळत नाही, हे तेलाच्या व्यापाऱ्यास काय सांगावे! रक्तातील मेद प्रथिनांच्या सोबतीनेच प्रवास करतो. प्रथिन अधिक तो कण जड, तो एचडीएल. मेद अधिक तो हलका, आणि धमन्यांत साचणारे एलडीएल त्यांतलेच. अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात हे कण निरनिराळे होतात. परंतु ते काम खर्चाचे व वेळखाऊ. १९७२ साली फ्रीडेवाल्ड व सहकाऱ्यांनी सोपी वाट काढली : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल व ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करावा, उरेल ते एलडीएल. एकूण २१० मिलिग्रॅम, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असल्यास उत्तर १४०.

म्हणजे पुष्कळ अहवालांत एलडीएल मोजलेले नसते, हिशेबाने काढलेले असते. पंगतीत जेवून नमुना दिला व ट्रायग्लिसराइड २५० वर गेले, तर बाकीचे आकडे तेच असूनही उत्तर १२० येते आणि मनुष्य उगाच निश्चिंत होतो! ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असता तर हे सूत्र वापरूच नये.

अलीकडे साध्या तपासणीस उपवासाची सक्ती नसते. पण ट्रायग्लिसराइड वाढलेले दिसल्यास उपाशीपोटी पुन्हा नमुना द्यावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत हे बारा तास आपोआप भरतात. अठ्ठाईच्या पारण्यास लागून मात्र तपासणी करू नये, कारण दीर्घ उपवासानेही मेदाचे आकडे बदलतात.

भोपाळात १९५५ पासून गांधी वैद्यकीय महाविद्यालय व २०१२ पासून एम्स आहे. तेव्हा तज्ज्ञ दूर नाहीत. अहवाल दाखविताना इतकेच विचारावे : हे एलडीएल मोजलेले की वजाबाकीचे?