लाईट घेतलास, आता प्रवाळ जपून घे

पोलादपूर

चिरंजीव भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

टाकी अजून यायची आहे आणि दिवे मात्र येऊन पडलेत, हे ताईकडून कळलं. तेही तीन फुटी टाकीला दोन-दोन रीफ एलईडी! एवढ्या उजेडात कोणते प्रवाळ जोम धरतील आणि ॲक्रोपोरा कुठे मिळेल, असं तू विचारलंस. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून लिहून पाठवतो.

पुस्तकी उत्तर सोपं आहे. प्रखर उजेड लागतो तो ॲक्रोपोरा, पोसिलोपोरा, स्टायलोफोरा अशा बारीक पॉलिपच्या दगडी प्रवाळांना. लाटा फुटतात त्या उथळ कड्यावर ते वाढतात. त्यांच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पार मीटरवर, म्हणजे शैवालाच्या कामाचा उजेड मोजणाऱ्या यंत्रावर, त्यांना अडीचशे ते चारशे लागतात. भर दुपारी उघड्यावर हाच आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. म्हणजे आपण ज्याला डोळे दिपवणारा उजेड म्हणतो, तो समुद्राच्या हिशेबी बेताचाच.

पण ॲक्रोपोराचं नाव आता काढू नकोस. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही त्यातच. दुकानदार सांगेल, ‘इम्पोर्टेड आहे, टाकीतच वाढवलेलं आहे, काही होत नाही.’ ती फांदी टाकीत वाढली की कुठल्या खडकावरून तोडली, हे काचेबाहेरून तुलाही कळणार नाही आणि मलाही. लाइव्ह रॉकचंही तेच. जुन्या प्रवाळाचे सांगाडेच ते. त्याऐवजी सिरॅमिकचा खडक घे. चार-सहा महिन्यांत त्यावर शेवाळ चढलं की दिसायलाही बरा दिसतो.

मग राहतं काय? मऊ प्रवाळ आणि चकतीसारख्या पॉलिपचे झोआ. नाक मुरडू नकोस. उजेड पचवण्यात ही मंडळी कमी नाहीत. सिन्युलारिया, म्हणजे बोटांसारखा लेदर, खडकाच्या माथ्यावर ठेव. त्याच्या जरा खाली सार्कोफायटन, ज्याला दुकानात टोडस्टूल लेदर म्हणतात. दोघंही दीडशे-दोनशेवर खूश असतात. टोडस्टूलची एक खोड आधीच सांगून ठेवतो. दर काही आठवड्यांनी तो पॉलिप आत ओढून घेतो, अंग काळवंडतं, वर मेणचट पापुद्रा येतो. नवखे लोक मेला समजून उचलून फेकतात. त्याला हात लावू नकोस, पंपाचा प्रवाह अंगावरून वाहू दे. चार-आठ दिवसांत पापुद्रा सुटतो आणि आतून तजेलदार टोपी उघडते. हे लेदर पाण्यात एकमेकांना त्रासदायक रसायनं सोडतात, म्हणून फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम असू दे.

झोआंची चकती बघून उजेड जोखता येतो. मान लांब करून वर ताणली असेल तर उजेड कमी पडतोय. खडकाला चिकटून आखडली असेल, दुपारी मिटत असेल, तर जास्त होतोय. पार मीटर महाग आहे. तो घेईपर्यंत या चकत्याच तुझा मीटर. मोबाइलचं ॲप निळा उजेड नीट मोजत नाही, त्यावर विसंबू नकोस. मशरूम घेतलेस, म्हणजे डिस्कोसोमा, तर तळाशी कपारीत ठेव. माथ्यावर ठेवलेस तर आक्रसून जातील. आणि झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोआ असलेला खडक उकळायचा नाही, कोरडा खरवडायचा नाही. वाफेतून ते विष छातीत गेल्याने इस्पितळात दाखल झालेली कुटुंबं परदेशात आहेत.

आता दिव्यांचं. ताकद आहे म्हणून ती सगळी वापरायची असं कुठे आहे? तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू कर, दर आठवड्याला पाचेक टक्के चढव, आठ-नऊ तासांच्या वर नेऊ नकोस. नवीन प्रवाळ आधी तळाशी ठेव आणि तीन-चार आठवड्यांत एकेक पायरी वर ने. सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं की करपतं, तसंच इथे होतं.

खरी परीक्षा तुमच्या महाडच्या मे महिन्यात आहे. टाकी पंचवीस-सव्वीस अंशांवर हवी, म्हणजे चिलर आला. पाणी तीस-एकतीसवर गेलं आणि वर दिवे जोरात असले, की अंगातल्या शैवालाची यंत्रणा बिघडते, प्रवाळ ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रातही याच जोडीने घात होतो, म्हणून ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवरचे ढग उजळवून ऊन कमी करण्याचे प्रयोग चाललेत. तेव्हा चिलर बंद पडला तर पहिल्यांदा दिवे बंद कर. दोन दिवस अंधारात राहिलं तर प्रवाळ मरत नाही. हवा आणि प्रवाह मात्र तासाभरासाठीही थांबता कामा नये. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुला वेगळं सांगायला नको. बॅटरीवरचा एअर पंप टाकीआधी घे. इन्व्हर्टरवर पंप असू दे, दिवे नकोत.

टाकी तळमजल्यावर नको. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतली तळमजल्याची घरं बुडाली, ते तू पाहिलंयस. वर ठेवायची तर पाणी, खडक, स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या घरात जाईल. तेव्हा भिंतीलगत, बीमच्या अंगाने ठेव आणि आधी घर बांधलेल्या मिस्त्रीला विचार. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. आरओ-डीआयचं, टीडीएस शून्य आलेलं, आणि त्यात रीफ सॉल्ट.

दगडी प्रवाळ बघायचेच असतील तर मालवणला चल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात तिथलं पाणी गढूळ होतं, हिवाळ्यात जाऊ. लाइफ जॅकेट घालून तोंड पाण्यात घालायचं, पाय खाली टेकवायचा नाही, आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात टाकायचा नाही.

पहिली खरेदी म्हणून एक सिन्युलारिया आणि झोआंचा एक पुंजका एवढंच घे, तेही टाकी दोन महिने रिकामी चालवून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर. बाकीचे पैसे चिलरसाठी ठेव. ताईला सांग, विजेचं बिल बघून मला शिव्या घालू नकोस.

तुझा,
मामा