सर एव्हरार्ड डिग्बी

इ. स. १६०५ सालच्या बंदुकीच्या दारूच्या कटांतील गाय फॉक्सचें नांव पुष्कळांना ठाऊक असतें. सर एव्हरार्ड डिग्बीचें क्वचितच. तथापि हा कट समजून घ्यावयाचा असेल, तर तळघरांत सांपडलेल्या शिपायापेक्षां ह्या सुखवस्तु गृहस्थाकडे पाहावें, असें मला वाटतें. फॉक्सला गमावण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. डिग्बीजवळ सर्व कांहीं होतें.

त्या वेळीं तो सुमारें सत्तावीस वर्षांचा होता. बकिंगहॅमशायरमध्यें गेहर्स्ट येथें मोठा वाडा, प्रेमळ पत्नी, दोन लहान मुलगे, आणि १६०३ सालीं खुद्द जेम्स राजानें दिलेली नाइट ही पदवी! जॉन जेरार्ड ह्या जेझुइट धर्मगुरूच्या सहवासानें तो रोमन कॅथॉलिक झाला होता. त्या पंथाच्या लोकांनीं सरकारी चर्चच्या उपासनेस न गेल्यास दरमहा वीस पौंड दंडाचा कायदा १५८१ पासून होता. जेम्स गादीवर आल्यावर सवलत मिळेल अशी आशा होती. परंतु लवकरच दंडवसुली पुन्हां सुरू झाली.

१६०५ च्या ऑक्टोबरांत रॉबर्ट केट्सबी ह्या जिवलग मित्रानें त्याला गांठलें. दोघे घोड्यावरून जात असतां केट्सबीनें प्रथम गुप्ततेची शपथ घेवविली आणि मग बेत सांगितला. विद्यार्थ्यांनीं हा क्रम ध्यानांत घ्यावा: आधीं शपथ, मागून गोष्ट. डिग्बी हादरला, पण धर्मगुरूंची संमति आहे अशी त्याची समजूत करून देण्यांत आली, व त्यानें ती खरी मानली. त्यानें पंधराशें पौंड देऊं केले. शिकारीच्या निमित्तानें डनचर्च येथें सरदारमंडळी जमवून जवळच्या कूम अॅबींतून नऊ वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथला ताब्यांत घ्यावयाचें, हें काम त्याच्याकडे आलें.

पार्लमेंटाखालीं दारूचीं ३६ पिपें फॉक्ससह सांपडलीं. ५ नोव्हेंबरच्या सायंकाळीं केट्सबी धांवत डनचर्चला आला आणि राजा मेला असें त्यानें डिग्बीला सांगितलें. तें असत्य होतें. जमलेले बहुतेक लोक निघून गेले. डिग्बी मात्र मित्राबरोबर राहिला. शेवटीं होलबीचच्या घरांतून बाहेर पडल्यावर तो पकडला गेला.

२७ जानेवारी १६०६ रोजीं खटला चालला. इतर सातही आरोपींनीं अपराध नाकारला. एकट्या डिग्बीनें तो कबूल केला. आपण प्रथम केट्सबीवरील स्नेहामुळें, नंतर धर्मासाठीं ह्यांत पडलों, असें त्यानें सांगितलें. आपल्या पापाची शिक्षा बायकामुलांना नको, एवढेंच त्याचें मागणें होतें. न्यायसभेंत स्वतःची सबब म्हणून मित्राचें नांव पुढें करावें, आणि तो मित्र तर आधींच गोळीनें मेलेला! मला ही कबुली प्रामाणिक वाटते. पण ज्या सभागृहांत त्याच्याच पंथाचे उमराव बसावयाचे होते, त्यांची आठवण त्या घोड्यावरच्या शपथेनंतर त्याला कां थांबवूं शकली नाहीं, हा प्रश्न उरतोच.

टॉवरमधून त्यानें लिंबाच्या रसानें गुप्त पत्रें लिहिलीं. कॅथॉलिक लोकच ह्या कृत्याला पाप म्हणतात, हें ऐकून झालेलें दुःख त्यांत आहे. ३० जानेवारीस सेंट पॉलच्या आवारांत त्याला देहान्त शिक्षा झाली. थोरला मुलगा केनेल्म तेव्हां अडीच वर्षांचा होता. पुढें तो विद्वान म्हणून नांवाजला व रॉयल सोसायटीच्या आरंभींच्या सभासदांत गणला गेला. बापाचीं तीं पत्रें त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सांपडलीं आणि १६७९ सालीं छापलीं गेलीं.