शेजारधर्म : भिवंडी येथील एक पाठ

(वाचन : मत्तय ५:२३, २४, लूक १०:२५–३७)

डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें एक विलक्षण आज्ञा दिली आहे. अर्पण घेऊन देवापुढें आलेल्या मनुष्यास भावाशीं झालेला बिघाड आठवला, तर अर्पण बाजूस राहूं द्यावें आणि त्यानें आधीं जाऊन त्या भावाशीं समेट करावा. ह्या आज्ञेवर आपण उपासनामंदिरांत पुष्कळ बोलतों. परंतु गल्लींत, बाजारांत, पाण्याच्या नळापाशीं ती पाळावयाची कशी हें सांगतांना उपदेशकाची जीभ अडखळते. म्हणून ह्या आठवड्यांत ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी शहराचें उदाहरण मननासाठीं घेऊं. हें उदाहरण ख्रिस्ती मंडळीचें नव्हे, आणि त्यांतील मुख्य पुरुषही पाळक नसून पोलीस अधिकारी आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ज्यांनीं वाचला आहे त्यांस ह्याचें नवल वाटूं नये.

कामवारी नदीकांठचें हें शहर कापडावर जगतें. इ. स. १८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. आधीं हातमाग होते, पुढें यंत्रमाग आले. तेलंगणांतील पद्मशाली विणकरही आले. कोंकणी मुसलमान येथील जुने रहिवासी. सभोंवार आगरी व कुणबी शेतकऱ्यांचीं गांवें. मागवाला बहुधा मुसलमान, सूत देणारा व कापड घेणारा व्यापारी बहुधा हिंदू, आणि मागावर उभा राहणारा मजूर दोन्ही धर्मांचा.

अशा ठिकाणीं धर्म पाहावयाचा असेल तर मोठ्या उत्सवाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. विणकर अल्लाचें नांव घेऊन माग सुरू करतो. रमजानांत पाण्याचा थेंबही न घेतां बारा तासांची पाळी उभ्यानें काढतो. पद्मशाली मार्कंडेय ऋषीस आपला पूर्वज मानून पूजितो. व्यापारी दिवाळींत वह्यांचें पूजन करतो. शेतकरी वज्रेश्वरीस नवस बोलतो. वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर चिमाजी आप्पानें आपला नवस फेडण्याकरितां तें देऊळ बांधविलें असें सांगतात. ह्यांपैकीं कशानेंही कोणाचें घर जळलें नाहीं.

घरें जळालीं तीं निराळ्या दिवशीं. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीची मिरवणूक चालली असतां भिवंडींत दंगल उसळली. ती खोणी, नागांव ह्या शेजारच्या गांवांत गेली, आणि दुसऱ्या दिवशीं दूर जळगांवांतही आग पेटली. न्यायमूर्ती मादन ह्यांच्या आयोगानें पुढें त्याची चौकशी केली. चौदा वर्षांनीं, मे १९८४ मध्यें, पुन्हां तेंच झालें, आणि ह्या वेळीं ठाणें व मुंबईही होरपळलीं. मिरवणूक ही स्वतः पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. नाताळांत आपणही ढोल वाजवीत गांवांतून फिरतों. परंतु ज्यांचा रोजचा व्यवहार एकमेकांवांचून चालत नव्हता, तेच लोक एका दिवसांत परके झाले, हें विचार करण्यासारखें आहे. व्यवहाराची ओळख होती. दाराची ओळख नव्हती.

१९८८ सालीं श्री. सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. शांतता समित्या पूर्वींही होत्या; पण त्यांत बहुधा पुढारी व प्रतिष्ठित गृहस्थ असत, आणि वातावरण तापल्यावरच त्यांस बोलावणें जाई. खोपडे ह्यांनीं वस्तीवस्तींत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू व मुसलमान सारख्या संख्येनें, आणि साधे लोक : दुकानदार, रिक्षावाला, मागावरचा कामगार. त्यांच्याबरोबर त्याच भागांतला पोलीस. तणाव असो वा नसो, त्यांनीं नियमानें एकत्र बसावयाचें, आणि लहानसहान तंटे तेथेंच मिटवावयाचे. हें काम क्षुल्लक दिसतें. परंतु ज्यानें खेड्यांत दिवस काढले आहेत तो जाणतो कीं, गटाराच्या पाण्यावरून दोन घरांत सकाळीं लागलेलें भांडण संध्याकाळपर्यंत दोन जातींचें किंवा दोन धर्मांचें होतें. तें दोन घरांचेंच असतां मिटवावें, एवढीच ही युक्ति.

६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरांत व पुढच्या जानेवारींत मुंबईंत दंगली झाल्या; श्रीकृष्ण आयोगानें मृतांची संख्या ९०० दिली आहे. भिवंडीचा पूर्वेतिहास पाहतां आग प्रथम तेथें लागावयाची. ती लागली नाहीं. अफवा आली तर खरें काय हें विचारावयास आतां एकमेकांचीं दारें ओळखीचीं होतीं. पुढें मुंबईनेंही तीच रीत घेतली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे ह्यांनीं त्यांत पुष्कळ श्रम केले.

तरी भिवंडी तेव्हांपासून निर्वैर झाली असें उपदेशकांनीं सांगूं नये, कारण तें खरें नव्हे. जुलै २००६ मध्यें कबरस्तानाजवळ पोलीस ठाणें बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारांत दोन नागरिक मेले आणि जमावानें दोन पोलिसांस ठार मारिलें.

आतां आपल्याकडे वळूं. मोहल्ला समितींत बसलेल्या कोणासही आपली प्रार्थना बदलावी लागली नाहीं, किंवा सर्व धर्म एकच आहेत असें म्हणावें लागलें नाहीं. नमाजी नमाजी राहिला, माळकरी माळकरी राहिला. राग आला असतां जमावाकडे जाण्यापूर्वीं शेजाऱ्याकडे जावें, इतकेंच त्यांजकडे मागितलें गेलें. आपल्या मंडळ्यांत मात्र असे बांधव आहेत कीं, मूर्तीपासून दूर झालों म्हणजे मूर्तिपूजकापासूनही दूर झालें पाहिजे अशी त्यांची समजूत आहे. गांवजत्रेची वर्गणी द्यावी कीं न द्यावी, हा विवेकबुद्धीचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर ज्यानें त्यानें प्रभूपुढें द्यावें. परंतु शेजारच्या घरीं मयत झालें असतां आपण दार लावून बसलों, तर तेथें विवेकबुद्धीचें नांव घेण्यास जागा नाहीं. आणि जो वर्गणी देत नाहीं त्यानें तर शेजाऱ्याच्या दुखण्यांत, बांधावरच्या कामांत, लग्नाच्या धांवपळींत इतरांहून आधीं उभें राहिलें पाहिजे. नाहींतर त्याची निष्ठा गांवास निव्वळ कंजूषपणा वाटेल, आणि तसें वाटल्यास गांवाचा दोष नाहीं.

उपदेशकांस सूचना : हा पाठ उपासनेच्या आरंभीं घ्यावा. ज्याच्याशीं बोलणें बंद आहे अशा एका शेजाऱ्याचें नांव प्रत्येकानें मनांत आणावें. तें वर्गांत उच्चारूं नये. मग दान गोळा करण्यापूर्वीं थोडा वेळ मोकळा ठेवावा. त्या वेळांत कोणी उठून बाहेर गेला, तर त्यास अडवूं नये, आणि तो परत येईपर्यंत थाळी फिरवूं नये.